तारेचं टोक कुणाच्या घरात

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका विषयावर दीड तास वाद झाला. विषय हप्त्याचा नव्हता, व्याजाचा नव्हता. गटाचे हिशेब, प्रस्ताव, फोटो यासाठी आम्ही एक लॅपटॉप घेतला आहे. तो सचिवताईंच्या घरी असतो. त्याला नेट वायरचं घ्यायचं की बिनवायरचं, यावर वाद.

वाद उगाच नव्हता. मसाला यंत्रासाठी आम्ही एक प्रस्ताव भरत होतो. शेवटची तारीख होती. दिवसभर मळणी, मग स्वयंपाक, मग आठ वाजता आम्ही चौघी लॅपटॉपपुढं बसलो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. कागद चढवायला लागलो की पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. एकीनं मोबाइल खिडकीत धरला, एकीनं माडीवर नेला. बारा वाजून गेले आणि फॉर्म बंद झाला. यंत्र यंदा हुकलं.

म्हणून बैठकीत तरण्या पोरी म्हणाल्या, चांगल्या कंपनीचं सिम घेऊ, सिमवर चालणारा डबा घेऊ, वायरीचा पसारा कशाला? सचिवताई म्हणाल्या, वायर घेऊ, एकदाची कटकट जाईल. आणि कोपऱ्यात बसलेल्या अक्का म्हणाल्या, "वायर घ्या नाहीतर हवेतनं घ्या. ती कुणाच्या घरात येणार आणि किल्ली कुणाजवळ राहणार, तेवढं आधी सांगा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी बीएला इतिहास घेतला होता आणि ती खोड अजून गेलेली नाही. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या, वाचनालयातून पुस्तकं आणली. तेव्हा दिसलं की तार आणि बिनतार हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि अक्कांचा प्रश्न त्याहून जुना. आज तेच सांगते.

आपल्या देशात विजेच्या तारेवरून निरोप पाठवायची खटपट 1839 मध्ये कलकत्त्याला झाली. करणारा होता ओ'शॉनेसी नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर. त्यानं बांबू रोवून त्यावर तार ओढली. 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही ओळ सुरू झाली, ती जहाजांच्या कामासाठी. त्याला लवकरच कळलं की विलायतेतली बारीक तार इथं टिकायची नाही. माकडं लोंबकळतात, घारी बसतात, वादळ येतं. म्हणून त्यानं बोटाएवढ्या जाड लोखंडी सळया वापरल्या. आपल्याकडं ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि जेसीबी जे करतात, ते तेव्हा माकडं करत होती.

1855 च्या फेब्रुवारीत ही तार पैसे देणाऱ्या कुणालाही खुली झाली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडली गेली. पण "कुणालाही" म्हणजे कुणाला? व्यापाऱ्याला आणि साहेबाला. 1857 च्या उठावात दिल्लीच्या तारघरातून 11 मे रोजी अंबाल्याला निरोप गेला, तिथून तो पुढं पंजाबात गेला आणि तिथले इंग्रज अधिकारी सावध झाले. उठाववाल्यांकडं घोडी होती, माणसं होती, पण तार नव्हती. म्हणून त्यांनी ठिकठिकाणी तार तोडली. तारेचं टोक कुणाच्या हातात आहे, याची किंमत त्यांनाही कळली होती.

1870 मध्ये समुद्राखालून तार आली. ग्रेट ईस्टर्न नावाच्या अगडबंब जहाजानं मुंबईपासून एडनकडं केबल टाकत नेली आणि त्याच वर्षी मुंबई थेट लंडनला जोडली गेली. आगबोटीनं ज्या पत्राला आठवडे लागायचे, तो निरोप काही तासांत जाऊ लागला. आजही मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली येतात. आपण मोबाइलवर बघतो त्यातलं कितीतरी त्यातूनच येतं. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा पोरींना खरं वाटेना. मोबाइलचं नेट आकाशातल्या उपग्रहावरून येतं, असं बहुतेकींना वाटत होतं.

आता बिनतारेकडं येऊ. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. एका खोलीत यंत्र, दुसऱ्या खोलीत घंटा, मधे भिंती. तार कुठंच नाही. इकडून लहरी सोडल्या, तिकडं घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. लहरी भिंतीतून गेल्या. पण भिंतीतून जाताना त्या थोड्या मरतातही, आणि हे आपल्या घरी आजही लागू आहे. ते पुढं येईलच.

1901 मध्ये मार्कोनीनं अटलांटिक महासागर ओलांडून बिनतारी खूण पाठवली. त्यानंतर तारवाल्यांच्या पोटात गोळा आला. आणि ह्या भांडणाचा मोठा अंक आपल्या पुणे जिल्ह्यात घडला, हे मला ह्या वाचनातच कळलं. 1927 मध्ये हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामधली बिनतारी सेवा सुरू झाली. इकडून संदेश पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि तिकडून आलेले घ्यायचं केंद्र दौंडला. दौंडला आपण गाडी बदलायला उतरतो, तिथंच लंडनचा निरोप उतरत होता. हे बिनतारी संदेश समुद्री तारेपेक्षा स्वस्त पडायचे. गिऱ्हाईक भराभर तिकडं वळलं. लाखो रुपये समुद्रात घालून बसलेल्या केबल कंपन्या हवालदिल झाल्या.

मग तार बंद पडली का? नाही. 1928 मध्ये लंडनला परिषद भरली आणि 1929 मध्ये तारवाल्यांचा आणि बिनतारवाल्यांचा धंदा एकाच कंपनीत घातला. पुढं 1934 मध्ये त्या कंपनीचं नावच ठेवलं, केबल अँड वायरलेस. बिनतार स्वस्त होती, पण हवामानाप्रमाणं तिचा आवाज कमीजास्त व्हायचा आणि ती कुणीही चोरून ऐकू शके. तार महाग, पण भरवशाची. सरकारला दोन्ही हवी होती. मला तर वाटतं, आमच्या बैठकीतल्या दीड तासाच्या वादाचं उत्तर त्यांनी तेव्हाच देऊन ठेवलं होतं.

गावापर्यंत ह्यातलं काय आलं? माझ्या आजीला तार म्हटलं की एकच अर्थ माहीत होता. "तार आली" असं कुणी ओरडलं की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. तालुक्याच्या पोस्टात यायची, पोस्टमन सायकलवरून आणायचा, आणि वाचून दाखवायला शिकलेला पुरुष शोधावा लागायचा. बाईला आपल्या माणसाची बातमी अशी तीन परक्या हातांतून मिळायची. जुलै 2013 मध्ये ही तारसेवा बंद झाली, तेव्हा आजी म्हणाली, बरं झालं, अवदसा गेली.

टेलिफोनचं तेच. मुंबईत 1882 मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, पण आमच्या गावात पहिला फोन आला तेव्हा माझी आई लग्न होऊन आली होती. गावात एकच फोन, तो सरपंचांच्या सोप्यात. माहेरून फोन आला की निरोप यायचा, मग डोक्यावर पदर घेऊन जायचं आणि चार माणसांसमोर बोलायचं. आई सांगते, "काय बोलणार? बरी आहे, एवढंच म्हणायची." ती बरी होती की नव्हती, हे फोनवर कधी कळलंच नाही. तार घरात आली होती, पण दुसऱ्याच्या.

1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. खेड्यातला उकाडा, धूळ सोसतील अशी छोटी एक्स्चेंजं त्यांनी देशातच तयार केली. त्यातून नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ झाले. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे. ते चालवायला देताना अपंग माणसांना प्राधान्य होतं. त्या काचेच्या खोलीचं महत्त्व पुस्तकात फारसं लिहिलेलं नाही. पण दार लावून, पैसे देऊन, कुणाला न सांगता आईशी बोलता येण्याची ती अनेक बायकांची पहिली जागा होती. आवाज जायचा तारेतूनच. तारेचं टोक सरपंचांच्या सोप्यातून नाक्यावर आलं, एवढाच बदल.

आता इंटरनेट. 15 ऑगस्ट 1995 रोजी ते आपल्या देशात सामान्यांना विकत मिळायला लागलं, मोठ्या शहरांत, टेलिफोनच्या तारेवरून. नेट लावलं की फोन बंद आणि फोन आला की नेट बंद.

माझं माहेर वारणेच्या खोऱ्यातलं. 1998 मध्ये तिथं एक प्रकल्प आला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या भागात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 च्या आसपास गावं तारेनं जोडायची, गावोगावी संगणक ठेवायचे. नावच होतं वायर्ड व्हिलेज, म्हणजे तारेनं बांधलेली गावं. मी प्राथमिक शाळेत होते. आम्हा पोरांना तो संगणक काचेतून बघायला मिळाला की आनंद व्हायचा. स्वप्नं मोठी होती, बाजारभाव, शेतीचा सल्ला, जगाची माहिती. प्रत्यक्षात वापर झाला तो ऊस किती टन गेला, खत किती घेतलं, बिल किती झालं, ह्या नोंदींसाठी. ते काम मोलाचं होतं, पण संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. मग 2007 च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत वेगळा प्रयोग केला. संगणक काढून साधा मोबाइल ठेवला. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा, उसाचा आकडा एसएमएसनंच परत. त्यांनी आपल्या लेखाला नाव दिलं, वारणा अनवायर्ड. तार सुटलेली वारणा.

शहाणपणाचा प्रयोग होता. जेवढं काम, तेवढंच साधन. एक आकडा विचारायला तार लागत नाही. पण मैत्रिणींनो, आपलं काम आता एका आकड्याचं राहिलेलं नाही. चाळीस पानांचा प्रस्ताव, प्रत्येक सभासदाचा फोटो, आधारचे कागद, वर व्हिडिओवरची बैठक. एसएमएसच्या वाटेनं हा भारा जात नाही. आणि त्या कियॉस्कवर कोण जायचं? ऊस ज्याच्या नावावर तो. आमच्या आळीत उसाचा सातबारा एकाही बाईच्या नावावर नव्हता.

थोडं घरातल्या बिनतारेबद्दल, म्हणजे वायफायबद्दल. त्याची गोष्ट हवाई बेटांवर सुरू होते. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. बेटं वेगवेगळी, मधे समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. त्यांनी 1971 मध्ये रेडिओवरून संगणक जोडले. अडचण अशी की सगळ्यांची हवा एकच. दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही. त्यांनी तोडगा काढला, टक्कर झाली तर थोडं थांब आणि पुन्हा बोल. आपल्या बैठकीत दोघी एकदम बोलायला लागल्या की "तू बोल, तू बोल" होतं ना, तसं. दोन वर्षांनी, 1973 मध्ये, अमेरिकेत बॉब मेटकाफ यांनी हीच युक्ती तारेत वापरली आणि संगणक जोडायची लॅनची वायर निघाली. म्हणजे लॅपटॉपच्या बाजूला जी वायर खुपसतात, ती बिनतारेकडून धडा घेऊन आली आहे. वायफायचा पहिला ठरलेला नियम 1997 चा आणि वायफाय हे नाव 1999 चं.

हे का सांगितलं, तर त्यातच आमच्या त्या रात्रीचं कारण आहे. बिनतारेत हवा वाटून घ्यावी लागते. आमचा टॉवर तीन गावांना एक. रात्री आठ ते अकरा सगळी पोरं व्हिडिओ बघतात, पुरुष क्रिकेट बघतात, आणि त्याच हवेत आम्ही चाळीस पानं कोंबत होतो. पहाटे पाचला हाच फॉर्म दहा मिनिटांत गेला असता. काच-तंतूच्या वायरीत तेवढी धक्काबुक्की होत नाही. काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश जातो. त्यामागं आपल्या पंजाबच्या नरिंदरसिंग कपानी यांचं 1954 चं लंडनमधलं काम आहे. चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कोसच्या कोस जाईल. काव यांना 2009 चं नोबेल मिळालं. आणि तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेतून पावसाळ्यात वीज घरात यायची, सेट जळायचा, तसं काचेतून होत नाही, कारण काचेतून वीज वाहत नाही.

ही काच गावापर्यंत आणायची सरकारी योजना 2011 मध्ये मंजूर झाली, आता तिला भारतनेट म्हणतात. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचं तिचं ठरलं होतं. म्हणजे पुन्हा तेच. तारेचं टोक पंचायतीच्या कचेरीत. कचेरी संध्याकाळी बंद होते आणि आपली कामं संध्याकाळी सातनंतर सुरू होतात.

बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो एका गोष्टीवर. वायफाय म्हणजे बिनवायरचं नेट, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. तसं नाही. घरापर्यंत नेट कसं येतं ही एक गोष्ट आणि घरात लॅपटॉपपर्यंत कसं जातं ही दुसरी. घरापर्यंत काचेची वायर आली, तिथं डबा बसला, त्या डब्यातून पुढची दहा-पंधरा पावलं वायफायनं जायची किंवा लॅनच्या वायरीनं. सिम असलं तर टॉवरपासूनच हवा. टॉवरच्या मागं मात्र बहुतेक ठिकाणी कुठं ना कुठं तार लागतेच. तेव्हा तार सोडायची की नाही असा प्रश्न नाही. कुठं सोडायची, हा आहे. दौंडला उतरलेला लंडनचा निरोपसुद्धा पुढं मुंबईला तारेनंच जायचा.

मग आम्ही सचिवताईंचं घर मापलं. जुनं घर, दोन हात जाडीची दगडी भिंत, वर पत्रा. सचिवताईंच्या मालकांचं म्हणणं, डबा माजघरात टीव्हीजवळ बसवा. माणूस भला आहे, पण टीव्हीजवळ बसवला तर नेट टीव्हीचं होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शिवाय दगडी भिंतीच्या आत डबा ठेवला तर ओसरीवर रेंज मरते. बोस यांची लहर भिंत ओलांडते खरी, पण दोन हात दगड म्हणजे फार झालं. वायफायच्या दोन लहरी असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिली हळू पण लांब जाते, दुसरी वेगानं जाते पण भिंतीला लवकर हरते.

शेवटी ठराव असा झाला. काचेची वायर घ्यायची, महिन्याचं भाडं गटाच्या खर्चातून, जोडणी गटाच्या नावावर. डबा ओसरीच्या भिंतीवर, कोनाड्याच्या वर. पासवर्ड ठरावाच्या वहीत लिहायचा. 10 मीटरची लॅनची वायर आणायची आणि प्रस्ताव भरायच्या दिवशी वायफाय सोडून ती खुपसायची. आमचा लॅपटॉप बारीक असल्यानं त्याला लॅनचं भोकच नाही, म्हणून एक जोडपिन वेगळी घ्यावी लागली, तुम्ही घेणार असाल तर आधी बघून घ्या. लाइट गेल्यावर डबा बंद पडतो, म्हणून राउटरची छोटी बॅटरी घेतली. आणि मोबाइलचा हॉटस्पॉट राहू द्यायचा. शिबिराला, बाजाराला, तालुक्याला लॅपटॉप नेला की तोच उपयोगी पडतो.

अक्कांनी ठरावाला एक ओळ जोडायला लावली. ओसरीचं दार संध्याकाळी नऊपर्यंत गटाच्या बायकांना आणि त्यांच्या मुलींना उघडं राहील. सचिवताईंनी मालकांकडं बघितलं. मालक तंबाखू मळत म्हणाले, "राहू द्या की." सही अक्कांची पहिली. त्यांना सही आता आता यायला लागली आहे.

जोडणी होऊन तीन आठवडे झाले. दोन मुली पोलीस भरतीचे तास ओसरीवर बसून बघतात. एक सूनबाई रोज पावणेनऊला येते, माहेरी व्हिडिओवर बोलते आणि जाते. तिच्याकडं कुणी बघत नाही, सगळ्या माना खाली घालून आपलं काम करतात. परवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली. दोन दिवस हॉटस्पॉटवर आहोत, पहाटे उठून कामं करतोय. जोडायला माणूस उद्या येतो म्हणालाय. मसाला यंत्राचे अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा सुटतील, कागद आत्तापासूनच लॅपटॉपमध्ये भरून ठेवले आहेत.